जेवण कोणी आणलं?

अमेरिकेतल्या ओकलंड शहरात बसने कुठे जायचं असलं की ब्रॅड लोमॅक्सला सोबत भाऊ लागायचा. भाऊ आधी त्याला व्हीलचेअरमधून उचलायचा, पायऱ्या चढून सीटवर बसवायचा आणि मग पुन्हा खाली उतरून खुर्ची वर आणायचा. मल्टिपल स्क्लेरोसिसने जखडलेला हा काळा तरुण ब्लॅक पँथर पक्षाचा कार्यकर्ता होता. हाच तो पक्ष, ज्याच्यावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं. रंगावरून माणसाला बसमध्ये मागे बसवणं कायद्याने बंद झालं होतं; बसची पायरी मात्र होती तिथेच होती.

शेजारच्या बर्कलीत १९७२ पासून अपंगांनीच चालवलेलं एक केंद्र होतं. मदतनीस शोधून देणं, घर मिळवून देणं, खुर्ची दुरुस्त करणं, सगळं तिथे व्हायचं. पण ते विद्यापीठातल्या मुलांच्या चळवळीतून उभं राहिलेलं, बहुतांशी गोऱ्यांचं. पूर्व ओकलंडच्या गरीब वस्तीतल्या अपंगाने तिथवर जायचं कसं? त्याच बसने? १९७५ मध्ये लोमॅक्सने केंद्राचे प्रमुख एड रॉबर्ट्स यांना गाठलं आणि ओकलंडमध्येही शाखा निघाली.

सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेने अपंगांना डावलू नये, असं १९७३ च्या कायद्याचं कलम ५०४ सांगत होतं. नियमावलीवर सही मात्र चार वर्षं होईना. शेवटी ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर दीडशेच्या आसपास माणसांनी ठिय्या दिला. लोमॅक्स आणि त्याची शुश्रूषा करणारा पँथर चक जॅक्सन त्यांच्यात होते. फोन तोडले, तेव्हा कर्णबधिर आंदोलक खिडकीतून खुणांच्या भाषेत खाली निरोप देऊ लागले. रात्री कूस बदलायलाही ज्यांना दुसऱ्याचा हात लागतो, अशी माणसं गाद्यांशिवाय फरशीवर झोपत होती. जॅक्सन लोमॅक्सबरोबर इतरांचंही करायचा.

आणि जेवण? ते रोज, गरमागरम, खाडीपलीकडून पँथर आणायचे. शाळकरी मुलांना सकाळची न्याहारी देण्याचा त्यांचा उपक्रम १९६९ पासून चालू होता. शेकडो पानं वाढायची सवय होती. या आंदोलनाच्या गोष्टीत नेते, भाषणं, सही एवढंच येतं आणि जेवण तळटीपेत जातं, हे मला खटकतं. पगारी रजा नसलेल्या, मदतनीस न परवडणाऱ्या माणसाला तीन-साडेतीन आठवडे तग धरायचा तर आधी ताट लागतं.

२८ एप्रिलला मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी नियमावलीवर सही केली.

किंबर्ले क्रेनशॉ या काळ्या कायदेतज्ज्ञ बाईंनी १९८९ मध्ये ‘इंटरसेक्शनॅलिटी’ हा शब्द दिला. काळ्या बाईला वंशाचा आणि बाईपणाचा फटका एकाच वेळी बसतो, कोर्ट मात्र दोन वेगळ्या फायली मागतं, ही त्यांची तक्रार. लोमॅक्सची फाइल कोणत्या कपाटात ठेवली असती?

नव्या सार्वजनिक बसला लिफ्ट किंवा उतार हवाच, हा देशव्यापी कायदा १९९० मध्ये झाला. लोमॅक्स १९८४ मध्येच गेला, तेहतिसाव्या वर्षी.