बोनेर बेट: पाण्याखालची सहल

व्हेनेझुएलाच्या उत्तरेस कॅरिबियन समुद्रात बोनेर नावाचे बेट आहे. पाठीवर हवेचे नळकांडे बांधून समुद्रतळ पाहणाऱ्या पाणबुड्यांनी तेथवर जाण्याचा खर्च सोसावा काय? आम्ही म्हणू, अवश्य सोसावा. हिरव्या वनराजीची हौस असणाऱ्यांनी मात्र जाऊ नये. निवडुंग, मिठागरे आणि रूक्ष माळ हेच तेथील दृश्य. परंतु हा रूक्षपणाच समुद्राच्या वैभवाचे कारण होय. पाऊस थोडा, नदी एकही नाही; त्यामुळे गाळ समुद्रात जात नाही व पाणी निवळशंख राहते. (आमची मांडवी पावसाळ्यात याच्या उलट चित्र दाखविते!) प्रवाळांची रांग किनाऱ्यास इतकी लगटून आहे की, बहुधा होडीही लागत नाही; रस्त्याकडेच्या पिवळ्या दगडावर ठिकाणाचे नाव वाचावे आणि पाण्यात उतरावे. १९७९ पासून भोवतालचा समुद्र ६० मीटर खोलीपर्यंत संरक्षित आहे. तथापि २०२३ साली तेथील प्रवाळांत एक घातक रोग शिरला. तेव्हा जुन्या छायाचित्रांवर भिस्त ठेवू नये.

दिवसांचा हिशेबही आधीच मांडावा. पाण्याच्या दाबामुळे शरीरात मुरलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो. म्हणून अनेक बुड्या मारल्यावर किमान १८ तास विमानात बसू नये. तो अखेरचा दिवस मिठागरांतील रोहित पक्षी पाहण्यात घालवावा.