न चिकटणाऱ्या धाग्याची साक्ष

थुंकीचा नमुना सीबीनॅट यंत्रात गेला, की साधारण दोन तासांत दोन गोष्टी कळतात: क्षयाचे जंतू आहेत का, आणि असतील तर रिफाम्पिसिन हे प्रमुख औषध त्यांच्यावर चालेल का. जंतू वाढवून हे तपासायला कित्येक आठवडे लागतात. एवढा वेळ वाचतो तो न्यूक्लिक आम्लांच्या संकरणामुळे, म्हणजेच हायब्रिडायझेशनमुळे.

डीएनएच्या दोन धाग्यांत ‘ए’समोर ‘टी’ आणि ‘जी’समोर ‘सी’ अशीच जोडी जमते. ए-टी जोडीत दोन हायड्रोजन बंध असतात, जी-सी जोडीत तीन. सुटा बंध कमकुवत असतो. त्यामुळे द्रावण ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलं की धागे वेगळे होतात, पण त्यांची अक्षरं जागची हलत नाहीत. द्रावण हळूहळू निवू दिलं तर पूरक धागे पुन्हा जुळतात, हे ज्युलियस मार्मर आणि पॉल डॉटी यांनी १९६०च्या सुमारास हार्वर्डमध्ये दाखवलं.

मग त्यातला एक धागा प्रयोगशाळेत बनवलेला असला तर? त्यालाच प्रोब म्हणतात. खरी कसोटी तापमानाची. वीसेक अक्षरांच्या प्रोबमध्ये एक अक्षर जुळलं नाही, तरी जोडी कित्येक अंश आधीच सुटते. तापमान नेमकं राखलं, की फक्त तंतोतंत जुळणारी जोडी टिकते.

ही जोडी दिसावी म्हणून संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी १९९६मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘मॉलिक्युलर बीकन’ तयार केला. हा प्रोब एरवी दुमडलेला असतो. त्याच्या एका टोकाला चमकणारा रेणू आणि दुसऱ्या टोकाला ती चमक शोषणारा रेणू असतो. लक्ष्य सापडलं की प्रोब उलगडतो, टोकं दूर जातात आणि प्रकाश दिसतो.

रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या सुमारे ९५ टक्के जंतूंमध्ये बिघाड असतो तो ‘आरपीओबी’ जनुकातल्या ८१ अक्षरांच्या तुकड्यात. मूळ सीबीनॅट चाचणीत पीसीआरने या तुकड्याच्या असंख्य प्रती होतात आणि पाच रंगांचे पाच प्रोब तो वाटून घेतात. पाचही वेळेवर उजळले तर जंतू आहेत आणि औषध चालेल. काही उजळले, पण एखादा अंधारात राहिला किंवा मागे पडला, तर त्याच्या हद्दीत अक्षर बदललंय, म्हणजेच औषध बदलावं लागेल.

गोव्यात बनणारी ट्रूनॅट चाचणीही प्रोबच्या जुळणीवरच चालते. या पद्धतीची एक मर्यादा मात्र रुग्णांनी ध्यानात ठेवावी: मेलेल्या जंतूचा डीएनएही प्रोबला तितकाच चिकटतो. म्हणून उपचार लागू पडताहेत का, हे पाहायला डॉक्टर ही चाचणी वापरत नाहीत.