डोणगावात राहून सायकॉलॉजी शिकता येईल का? घरबसल्या डिग्रीचा रस्ता का बंद झाला?

बारावी आर्ट्स झालं, आता बीएला सायकॉलॉजी घ्यायचंय. पुण्यातल्या मुलीसाठी हा फॉर्म भरण्यापुरता प्रश्न आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यात डोणगाव आहे. तिथल्या मुलीसाठी हाच प्रश्न एसटीच्या वेळेचा, रूमभाड्याचा आणि घरच्यांच्या होकाराचा होतो.

अशांसाठी आतापर्यंत एक पर्याय होता. इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठात नाव घालायचं, पुस्तकं घरी येणार, परीक्षेपुरतं केंद्रावर जायचं. युजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून हा पर्याय बंद केला. मानसशास्त्रात आता दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देता येत नाहीत. अनेक विषय असलेली बीए चालू राहू शकते, पण त्यातला मानसशास्त्र हा विषय वगळावा लागतो.

कारण काय? २०२१ मध्ये संसदेने आरोग्याशी जोडलेल्या व्यवसायांसाठी एक कायदा केला. डॉक्टर-नर्स सोडून दवाखान्यात जे बाकीचे तज्ज्ञ लागतात, त्यांचं शिक्षण आणि नोंदणी या कायद्याखाली येते. मानसशास्त्रही त्यात आलं. थोडक्यात, ज्याच्या हाती पुढे माणसाचं मन सोपवायचंय, त्याने वर्गात बसून शिकावं.

यात तथ्य आहे. मानसशास्त्र म्हणजे समोरच्याच्या मनातलं ओळखणं नव्हे. १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून हा प्रयोगाचा विषय आहे. भारतात १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. बीएच्या प्रॅक्टिकलमध्ये आजही आरशात बघून चांदणीची रेघ गिरवायला लावतात, निरर्थक अक्षरगट पाठ करून किती लक्षात राहिले ते मोजतात. त्यासाठी समोर ‘प्रयुक्त’ म्हणून दुसरा माणूस बसवावा लागतो. शिवाय संख्याशास्त्र असतंच. गणिताला कंटाळून आर्ट्सला आलेल्यांना मध्यमान आणि प्रमाण विचलन इथे पुन्हा गाठतात!

पण नियमाचं ओझं कोणावर पडलं, हेही बघायला हवं. दूरस्थ वर्ग बंद झाले म्हणून तालुक्याच्या कॉलेजात सायकॉलॉजीचा विभाग आपोआप उघडत नाही. बुलढाणा जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात येतो. विद्यापीठ पाच जिल्ह्यांचं आहे, पण प्रत्येक आर्ट्स कॉलेजात हा विषय असेलच असं नाही. म्हणजे आधी कॉलेज शोधायचं, मग रूम.

आणि या जिल्ह्याला या विषयाची माणसं लागतात. शेतकरी आत्महत्या झालेल्या १४ जिल्ह्यांत राज्याने ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात बुलढाणाही आहे. शेतकऱ्याच्या घरी जाऊन त्याचा ताण ओळखणं आणि त्याला समुपदेशनापर्यंत आणणं हे त्याचं काम. सोयाबीनचा भाव, पीककर्ज आणि मुलीचं लग्न एकाच वाक्यात येतं, तेव्हा ते ऐकणारा माणूस वऱ्हाडी बोलणारा असला तर बराच फरक पडतो.

मात्र बीए झालं की लगेच बोर्ड लावता येतो, हा समज काढून टाका. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचाराचं पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर; औषध तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला बीएनंतर एमए, मग मान्यताप्राप्त संस्थेतलं क्लिनिकल प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी, असा आजवरचा रस्ता. हे नियमही सध्या बदलतायत, त्यामुळे सिनियरने सांगितलं म्हणून विसंबू नका, परिषदेची वेबसाइट स्वतः बघा. बीएवरच थांबायचं असेल तर बीएड, एमएसडब्ल्यू, एचआर, स्पर्धा परीक्षा हे मार्ग आहेतच.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजात तीन गोष्टी विचारा. सायकॉलॉजी तिन्ही वर्षं मुख्य विषय म्हणून मिळेल, की फक्त जोडविषय म्हणून? प्रयोगशाळा आहे का, आणि प्रॅक्टिकल खरंच होतात का? पेपर मराठीत लिहिता येतो का? मराठीत लिहिता येत असेल, तरी इंग्रजी पुस्तकांची सवय पहिल्या वर्षापासूनच लावा. एमएचं बरंचसं वाचन इंग्रजीत असतं.

(तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला आत्ताच बोलायची गरज असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, २४ तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.)