बारा आकडे कुलपात

परवा चौथीच्या वर्गात माझी चांगलीच फजिती झाली. मी विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर भरत होतो. डायरीत पाहून पासवर्ड टाइप करतोय, तोच मागून आवाज आला, "सर, शेवटी नव्व्याण्णव हाय, अठ्ठ्याण्णव न्हाई!"

वळून पाहतो तर पहिल्या बाकावरची चिमुरडी! डायरीचं ते पान तिला तोंडपाठ होतं. वर्ग खो-खो हसला. मीही हसलो, पण पोटात गोळा आला. त्या पासवर्डाच्या आड आमच्या पोखर्णीच्या मुलांच्या जन्मतारखा होत्या, पालकांचे फोन होते, आधार क्रमांक होते.

"सर, मग सरकारबी आमचा नंबर असाच डायरीत लिवतं का?" तिनं विचारलं.

प्रश्न बिनतोड होता. उत्तर शोधायला मला दोन रात्री लागल्या.

देशातले पहिले आधार क्रमांक आपल्या महाराष्ट्रातच दिले गेले, बरं का! नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, 29 सप्टेंबर 2010 रोजी. तुमचं कार्ड काढून पाहा. बारा आकड्यांतला पहिला आकडा 0 किंवा 1 कधीच नसतो. आणि शेवटचा असतो पडताळ्याचा. लिहिताना एखादा आकडा चुकला किंवा शेजारच्या दोघांची अदलाबदल झाली, तर हिशेब जुळत नाही आणि चूक पकडली जाते. ही युक्ती व्हरहूफ नावाच्या डच गणितज्ञानं 1969 मध्ये शोधली.

आता कुलपाची गोष्ट. समजा, 4725 हा आकडा लपवायचाय. प्रत्येक अंकात 3 मिळवा, दहाच्या वर गेलं तर हातचा सोडून द्या. झाले 7058! इथं 3 ही चावी. ज्याला ती ठाऊक, तोच 4725 परत मिळवणार. अर्थात ही चावी तुम्ही मधल्या सुट्टीत शोधून काढाल. म्हणून आधार नोंदणीची माहिती 2048 बिटांच्या चावीनं बंद करतात. एवढी मोठी संख्या वहीत लिहायला घेतली तर 617 आकडे भरतील!

शिवाय हे कुलूप दाबून लावायच्या कुलपासारखं आहे. लावायला चावी लागत नाही, उघडायला मात्र लागते. नोंदणी करणारा माणूस माहिती कुलपात टाकतो, पण ते कुलूप त्याला स्वतःलाही उघडता येत नाही. आहे की नाही गंमत?

काही संस्थांना कामासाठी लोकांचे आधार क्रमांक साठवावेच लागतात. 2017 साली त्यांना आदेश निघाला की हे क्रमांक वेगळ्या तिजोरीत, कुलूपबंद करून ठेवा. या तिजोरीला 'आधार डेटा व्हॉल्ट' म्हणतात. मग रोजच्या कामाला काय वापरायचं? मोठ्या देवळात चपला ठेवल्या की आपल्याला बिल्ला मिळतो, तसा प्रत्येक क्रमांकाला एक बिल्ला मिळतो. बिल्ला हरवला तरी त्यावरून चपला कशा होत्या ते कुणाला कळत नाही. तसंच हे.

आणि तिजोरीत माणसं शिरत नाहीत. परभणी स्टेशनवर तिकीट काढताना आपण खिडकीतून आत जातो का? पैसे द्यायचे, गावाचं नाव सांगायचं, तिकीट घ्यायचं. संगणकांनाही अशी खिडकी असते. तिचं नाव एपीआय. एक संगणक तिथं बिल्ला दाखवतो, स्वतःची ओळख पटवतो आणि हवं तेवढंच घेतो. कोण केव्हा आलं, याची नोंद होते. कुलपांच्या चाव्या तर आणखी वेगळ्याच यंत्रात असतात. ते यंत्र जबरदस्तीनं फोडायला गेलं, तर आतल्या चाव्या पुसून जातील अशीच त्याची रचना असते. चोर आला तरी हाती भोपळा!

रेशन दुकानात आजी अंगठा लावते, तेव्हाही तो ठसा यंत्रातच कुलूपबंद होऊन खिडकीकडे जातो. ठसा जुळला का, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर येतं, 'हो' किंवा 'नाही'. आजीचं वय, पत्ता काही दुकानदाराकडे जात नाही. पण कापूस वेचून, भांडी घासून आजीच्या बोटांच्या रेषाच झिजलेल्या असतात. मग घरच्याच आजीला यंत्र 'नाही' म्हणतं! मला हे फार खटकतं. कुलूप कितीही मजबूत असो, मालकाला तरी दार उघडता यायला हवं ना? अशा वेळी मोबाइलवर येणारा ओटीपी किंवा डोळ्यांची तपासणी असे दुसरे मार्ग आहेत. घरी आजीला जरूर सांगा.

पालकांसाठीही एक गोष्ट. तिजोरी कितीही पक्की असली, तरी आपणच आधारच्या झेरॉक्स वाटत सुटतो. पहिले आठ आकडे झाकलेलं 'मास्क्ड आधार' मिळतं. 2018 पासून सोळा आकडी आभासी क्रमांकही मिळतो, आणि तो हवा तेव्हा बदलता येतो. जिथं ते चालतं, तिथं पूर्ण कार्ड कशाला द्यायचं?

हे सगळं वर्गात सांगून झालं. डायरीतलं ते पान मी सगळ्यांसमोर टरकावलं आणि नवा पासवर्ड टाकायला बसलो. "डोळे मिटा रे सगळे!" म्हणालो. सगळ्यांनी मिटले. आमच्या चिमुरडीनंही दोन्ही हात डोळ्यांवर धरले.

बोटं मात्र जरा फाकवूनच!