फर्स्ट ॲव्हेन्यू ते अटलांटा

३ ऑगस्ट १९८३ची रात्र. मिनियापोलिसच्या फर्स्ट ॲव्हेन्यू क्लबात मिनेसोटा डान्स थिएटरच्या मदतीसाठी प्रिन्सचा कार्यक्रम होता. तो पंचविशीचा, आणि गिटारवर होती १९ वर्षांची वेंडी मेल्व्हॉइन. बँडबरोबर तिचा हा पहिलाच जाहीर कार्यक्रम. त्यात एका अगदी नव्या गाण्याची सुरुवात तिच्याकडे सोपवलेली. ते गाणं म्हणजे ‘पर्पल रेन’. जगाने आज ऐकलेलं आहे ते मुळात त्याच रात्रीचं. बाहेर उभ्या केलेल्या रेकॉर्डिंगच्या गाडीत ते टिपलं गेलं. नंतर स्टुडिओत तंतुवाद्यं चढवली, काटछाट केली, पण गाभा तोच ठेवला. समोरच्या लोकांनी हे गाणं पूर्वी ऐकलेलंच नव्हतं, त्यामुळे सुरात सूर मिसळायला कुणी नव्हतं. गाणाऱ्याला सगळं एकट्यानेच पटवून द्यायचं होतं, आणि ती निकड त्याच्या आवाजात आजही ऐकू येते.

काटछाटीत एक अख्खं कडवं गेलं. त्यात पैशांवरून कुरबुर होती. माझ्या मते या गाण्याबाबतचा सगळ्यात शहाणा निर्णय हाच. एकीकडे प्रेयसीची माफी मागायची आणि दुसरीकडे हिशेब काढायचा, हे जमलं नसतं. उरलं ते निखळ: तुला दुखवायचं नव्हतं, तुला कुणापासून हिरावून घ्यायचं नव्हतं.

फंक आणि नाचाच्या गाण्यांवर वाढलेला प्रिन्स या संथ रॉककडे वळला कसा? बँडमधला मॅट फिंक सांगतो की बॉब सीगरसारख्या गायकामागे अमेरिकेच्या मध्य भागातले लोक इतके वेडे का, याचं प्रिन्सला कुतूहल होतं. या चालीवर शब्द लिहायला त्याने गायिका स्टीव्ही निक्सला सांगून पाहिलं. त्याने पाठवलेल्या लांबलचक ध्वनिफितीनेच ती दडपून गेली आणि नाही म्हणाली. जर्नी या बँडच्या ‘फेथफुली’शी कॉर्ड्स जुळतात की काय, या शंकेने त्याने ते गाणं लिहिणाऱ्या जोनाथन केनलाही फोन केला होता. केनने हरकत घेतली नाही.

जुलै १९८४मध्ये ‘पर्पल रेन’ याच नावाचा सिनेमा आला. त्यात ही चाल बँडमधल्या वेंडी आणि लिसा यांची दाखवली आहे आणि नायक ती वाजवायला तयार नसतो. बापाने स्वतःवर गोळी झाडल्यावर कुठे तो वाकतो. (प्रत्यक्षात गीतकार-संगीतकार म्हणून नाव एकट्या प्रिन्सचंच. गंमत आहे.) त्याच नावाचा अल्बम २४ आठवडे अमेरिकेत अव्वल राहिला. एकेरी तबकडीवरचं हे गाणं मात्र बिलबोर्डवर दुसऱ्या क्रमांकावर अडकलं.

अल्बमवर ते ८ मिनिटं ४१ सेकंदांचं आहे आणि शब्द निम्म्याच्या आसपासच संपतात. पुढे गिटार बोलते, मग नुसते आकार, शेवटी पियानो आणि तंतुवाद्यं. माफी मागणाऱ्याला एका टप्प्यानंतर तेच शब्द पुन्हा म्हणता येत नाहीत आणि गप्पही राहवत नाही. ती तगमग प्रिन्सने गिटारकडे सोपवली. रॉकमधली सोलो बहुधा फुशारकीसाठी असते. इथे ती विनवणी आहे.

४ फेब्रुवारी २००७ला मायामीत सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मध्यंतरात भर पावसात त्याने हे गाणं म्हटलं. फर्स्ट ॲव्हेन्यूच्या अगदी उलट: आता गाणं ठाऊक नसलेला माणूस सापडणं कठीण. पडद्यामागून गिटारसह त्याची प्रचंड सावली दिसत होती. असा योग कुठला दिग्दर्शक जुळवून आणणार!

१४ एप्रिल २०१६ला अटलांटाच्या फॉक्स थिएटरमध्ये तो एकटा पियानोवर बसला, बँड नव्हता की गिटार नव्हती. शेवटच्या वन्स मोअरला त्याने ‘पर्पल रेन’ घेतलं. आठवड्याने, २१ एप्रिलला, तो गेला. त्यानंतर गाणं बिलबोर्डवर पुन्हा चढलं, थेट चौथ्या क्रमांकापर्यंत. तेव्हा पहिल्यांदा ऐकणाऱ्यांपैकी किती जणांच्या वाट्याला रेडिओसाठी कापलेली छोटी आवृत्ती आली असेल कोण जाणे. त्यांनी पूर्ण आवृत्ती मिळवावी. छोटीत विनवणीच कापली आहे.