रोज तीस नोटा!

नोटप्रेसच्या गावाला नोटांचं काय अप्रूप! १९२८ पासून नाशिक रोडला नोटा छापल्या जातात. पण याच गावात, घरोघरच्या पाळण्यांत एक वेगळीच छपाई चालते. चला, हिशेब मांडू या.

एक नोट साधारण एक ग्रॅमची. पहिले तीन महिने बाळाचं वजन रोज पंचवीस ते तीस ग्रॅमनं वाढतं. म्हणजे रोज तीस नोटा! सगळ्या पाचशेच्या धरा: दिवसाला पंधरा हजार रुपये, तेही झोपा काढत. कच्चा माल? फक्त आईचं दूध!

सुरुवात मात्र तोट्याची. तीन किलोचं बाळ पहिल्या काही दिवसांत तीनशे ग्रॅमपर्यंत उतरू शकतं. तीनशे नोटा गायब! आजीचा जीव खालीवर. बहुतेक बाळं दोन आठवड्यांत तूट भरून काढतात; नाही भरली, तर डॉक्टरांना दाखवायचं. मग गाडी सुसाट! पाच महिन्यांत वजन दुप्पट, वर्षात तिप्पट. तिनाचे नऊ किलो. वाढलेले सहा किलो म्हणजे सहा हजार नोटा, साठ बंडलं, तीस लाख रुपये!

आता देशभरचा आकडा. रोज साठ हजारांहून जास्त जन्म. तीन महिन्यांच्या आतली बाळं पन्नास लाखांच्या वर. प्रत्येकी तीस ग्रॅम धरले तर दिवसाला दीडशे टन! लासलगावच्या कांद्याचे दहाटनी पंधरा ट्रक, रोजच्या रोज.

आणि तिप्पटीचा हा वेग टिकला असता तर? दुसऱ्या वाढदिवसाला २७ किलो. तिसऱ्याला ८१. पाचव्याला ७२९. सातव्याला साडेसहा टन, हत्ती मागे पडला! दहाव्याला १७७ टन! आपल्या स्टेशनातून धडधडत जाणारं डब्ल्यूएपी-७ इंजिन १२३ टनांचं. केक कापायला अख्खा फलाट लागला असता!

नशीब, दुसऱ्या वर्षी बाळ दोन-अडीच किलोंवरच भागवतं.

तीस ग्रॅमचा फरक एका दुधाच्या वेळेनंही पडतो. म्हणून रोज तोलण्यात अर्थ नाही. आशाताई येतात त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी जाऊन नवजात बाळ जपायची ही रीत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घालून दिली, पुढे ती देशभर गेली. झोळी काट्याला लागते, बाळ टाहो फोडतं, काटा गेल्या आठवड्यापेक्षा दोनशे ग्रॅम पुढे. एवढंच? पाचशेनं गुणा की! एक लाख!