एका घराला दहा लाख डॉलर? आर्क्टिकमधील सरकारी घरांचा ताळेबंद

कॅनडाच्या अतिउत्तरेकडील नुनावूट या प्रदेशात अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सरकार जी घरे बांधते, त्यांतील एकेका घराचा खर्च २०२० नंतरच्या काही निविदांमध्ये दहा लाख कॅनेडियन डॉलरला जाऊन भिडला. आपल्या चलनात ही रक्कम सुमारे सहा कोटी रुपये होते. घर म्हणावे तर अगदी साधे, दोन-तीन शयनखोल्यांचे. हा आकडा ऐकून कोणाही करदात्याच्या मनात प्रश्न उभा राहील की, मूठभर लोकांसाठी राज्यकोशातून एवढा खर्च करणे न्याय्य आहे काय? प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर देण्यापूर्वी जमा-खर्चाच्या दोन्ही बाजू नीट वाचल्या पाहिजेत. त्या येथे वाचकांसमोर ठेवण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रदेश आणि माणसे

२९ जुलै २०२२ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी आपल्या कॅनडा दौऱ्यातील अखेरच्या टप्प्यात नुनावूटची राजधानी इकालुइट येथे निवासी शाळांतून होरपळून निघालेल्या इनुइट बांधवांची भेट घेऊन क्षमा मागितली होती. त्या वेळी आपल्यापैकी अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले असेल. नुनावूट या इनुक्टिटुट शब्दाचा अर्थ 'आमची भूमी'. १ एप्रिल १९९९ रोजी हा स्वतंत्र प्रदेश अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २१ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ सातपट आहे. लोकसंख्या मात्र २०२१ च्या जनगणनेनुसार ३६,८५८. आपल्याकडील एखाद्या लहानशा शहराएवढी ही माणसे २५ गावांत विखुरलेली आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य इनुइट आहेत. या गावांना परस्परांशी किंवा दक्षिणेतील शहरांशी जोडणारा एकही महामार्ग नाही. निम्म्याहून अधिक रहिवासी सार्वजनिक, म्हणजे सरकारी भाड्याच्या घरांत राहतात.

पैसा जातो कोठे?

आर्क्टिकमध्ये बांधकामाचे लाकूड मिळत नाही, कारण तेथे वृक्षच वाढत नाहीत. खिळ्यापासून खिडकीपर्यंत प्रत्येक वस्तू दक्षिणेतून जहाजाने आणावी लागते. समुद्रावरील बर्फ वितळल्यावर उन्हाळ्यात काही आठवडेच जहाजे येऊ शकतात. एखादा महत्त्वाचा भाग त्या फेरीत राहून गेला, तर काम पुढील वर्षापर्यंत थांबवावे लागते किंवा तो भाग अवाच्या सवा भाडे भरून विमानाने मागवावा लागतो.

जमीन बारमाही गोठलेली. घराची ऊब तिच्यापर्यंत पोहोचली तर बर्फ वितळून पाया खचतो. म्हणून घरे पोलादी खांबांवर किंवा सांगाड्यावर जमिनीपासून उचलून बांधतात. हवामानबदलामुळे ही गोठलेली जमीनही आता पूर्वीइतकी भरवशाची राहिलेली नाही. बहुतेक गावांत जमिनीखालून नळ नेता येत नसल्याने पाणी टँकरने घरोघरी पोहोचवले जाते आणि सांडपाणीही टँकरनेच उपसले जाते. वीज डिझेलवर निर्माण होते, आणि वर्षभराचे डिझेलही उन्हाळ्यातील जहाजांवरच अवलंबून असते. कुशल कारागीर पुरेसे नसल्याने त्यांना विमानाने आणावे लागते. त्यांच्या राहण्याची सोय करणेही महागात पडते, कारण राहण्यासाठी घरेच नाहीत!

घर उभे राहिले तरी खर्च संपत नाही. तापवणे, पाणी, वीज, डागडुजी यांचा भार बहुतांशी सरकारच वाहते. भाडे उत्पन्नाच्या प्रमाणात ठरते आणि त्यातून या खर्चाचा अल्पसा अंशच भरून निघतो. म्हणून नवे घर बांधताना सरकार पुढील कित्येक दशकांचे देणे अंगावर घेत असते.

ते तेथे राहतातच कशाला?

'मग या लोकांनी दक्षिणेत येऊन का राहू नये?' असा सल्ला वरचेवर दिला जातो. हा सल्ला देणाऱ्यांना इतिहास ठाऊक नसतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इनुइट कुटुंबे ऋतुमानाप्रमाणे शिकारीच्या जागा बदलत राहत असत. त्यांना कायमच्या वस्त्यांत आणले ते शासनाने. १९५३ साली उत्तर क्वेबेकमधील इनुक्जुआक येथील कुटुंबांना थेट ग्रीझ फियोर्ड आणि रेझोल्यूट येथे, दूर उत्तरेत नेऊन सोडण्यात आले. त्याबद्दल कॅनडा सरकारने २०१० साली क्षमा मागितली. इतरत्र मुलांचे शिक्षण, औषधोपचार आणि स्वस्त घरे यांच्या आश्वासनावर कुटुंबे वस्त्यांत आली. २००७ ते २०१० या काळात काम केलेल्या किकिक्तानी सत्य आयोगापुढे अनेक वृद्धांनी याच स्वरूपाच्या साक्षी दिल्या. आरंभी मिळालेली घरे इतकी चिमुकली होती की, त्यांना 'काड्यापेटी घरे' हे नाव पडले.

पुढे १९९३ साली केंद्र सरकारने नव्या सामाजिक घरांसाठी निधी देणे थांबवले. लोकसंख्या मात्र वाढत राहिली. आजचा तुटवडा बव्हंशी त्या वर्षांत न बांधलेल्या घरांचा आहे. त्यामुळे सरकारी घर म्हणजे दान, ही समजूत येथे टिकत नाही. शब्द देऊन वस्त्या वसवणाऱ्यावर तो शब्द पाळण्याची जबाबदारी येते.

न बांधलेल्या घरांचे देणे

घर बांधले नाही म्हणजे पैसा वाचला, असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात तो दुसऱ्या खात्यातून जातो. २०२१ च्या जनगणनेनुसार कॅनडातील इनुइट प्रदेशांत राहणाऱ्या इनुइटांपैकी निम्म्याहून अधिक लोक दाटीवाटीच्या घरांत राहत होते. रात्री पाळीपाळीने झोपणारी कुटुंबे ही तेथे नवलाची गोष्ट नाही.

या दाटीचा परिणाम फुफ्फुसांवर होतो. बॅफिन विभागातील घरांच्या हवेचा एक अभ्यास २००७ साली कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या घरांत सरासरी सहा माणसे राहत होती. हवा खेळती नव्हती, आणि हवा जितकी कोंदट तितके तान्ह्या मुलांचे श्वसनविकार अधिक, असे त्यात दिसून आले. क्षयाची स्थिती याहून विदारक आहे. २०१८ साली कॅनडा सरकारने हा रोग इनुइट प्रदेशांतून २०३० पर्यंत हद्दपार करण्याचे वचन दिले, तेव्हा तेथील इनुइटांमधील क्षयाचे प्रमाण कॅनडात जन्मलेल्या बिगर-आदिवासींच्या सुमारे तीनशे पट होते. बॅफिन विभागातील गंभीर रुग्णाला दोन हजार किलोमीटर दूर ओटावाला विमानाने न्यावे लागते. हा खर्च आरोग्याच्या खात्यात दिसतो, घरांच्या खात्यात तो कोणी मांडत नाही.

आणखी काही देणी अशी आहेत की ती कोणत्याच खात्यात मांडली जात नाहीत. मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला जायला दुसरे छप्पर नसते. अभ्यास करू पाहणाऱ्या मुलाला कोपरा मिळत नाही. सरकारी नोकरीसोबत मिळालेले घर नोकरी सुटताच जाते, म्हणून माणूस नको ते काम धरून बसतो.

हिशेब चुकला तेथे

तथापि, हेतू चांगला म्हणून प्रत्येक खर्च समर्थनीय ठरत नाही. २००६ साली केंद्र सरकारने नुनावूटला घरांसाठी २० कोटी डॉलर दिले. त्यातून सुमारे ७२५ घरे बांधण्याची आणि सोबतच स्थानिक तरुणांना बांधकामाचे शिक्षण देण्याची योजना होती. २०१० साली उघडकीस आले की, ही आणि दुसरी एक गृहयोजना मिळून खर्च सुमारे ११ कोटी डॉलरने अंदाजाबाहेर गेला आहे. हे केवळ थंडीने घडले नाही. व्यवस्थापनातील उणिवांचाही त्यात वाटा होता. अशा प्रत्येक उधळलेल्या डॉलरमागे प्रतीक्षायादीतील एखादे कुटुंब आणखी मागे ढकलले जाते.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये प्रादेशिक शासनाने २०३० पर्यंत ३,००० घरे उभारण्याची योजना जाहीर केली. त्यासाठी इनुइटांच्या मालकीच्या एका बांधकाम कंपनीशी भागीदारी करण्यात आली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु २०२५ साली कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनी नुनावूट गृहनिर्माण महामंडळाची तपासणी केली, तेव्हा सर्वाधिक गरजूंना घरे न्याय्य रीतीने मिळत नसल्याचा निष्कर्ष निघाला, आणि नव्या योजनेची प्रगती व खर्च यांविषयीची माहिती अपुरी असल्याचेही नमूद झाले. घर महाग असणे एक वेळ समजू शकते. महाग घर चुकीच्या हाती पडणे हा अन्याय होय.

तराजू कसा धरावा?

आमच्या मते येथे तीन कसोट्या लावल्या पाहिजेत. पहिली टिकाऊपणाची. स्वस्तात बांधलेले, बुरशी धरणारे, लवकर मोडकळीस येणारे घर शेवटी महागच पडते. स्वतंत्र घरांऐवजी चार-पाच कुटुंबांची जोडघरे बांधल्यास पाया, भिंती आणि ऊब यांचा खर्च वाटला जातो, व तेथे असे अनेक ठिकाणी होतही आहे. दुसरी कसोटी स्थानिक हातांची. खर्चाचा किती भाग इनुइट सुताराच्या, वीजतंत्रीच्या मजुरीच्या रूपाने गावातच राहतो? तिसरी कसोटी उघड्या हिशेबाची. कोणाला घर मिळाले आणि का, हे गावकऱ्यांना विचारता आले पाहिजे.

बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज घेणाऱ्या माणसाचा दाखला प्रभू येशूने दिला आहे. तो आपण सहसा सावधगिरीचा धडा म्हणून वाचतो. परंतु तो माणूस अंदाज घेतो तो बुरूज पुरा करता यावा म्हणून. नुनावूटच्या संदर्भात, आणि जेथे जेथे दूरच्या व थोड्या माणसांवरील खर्च आपल्याला डाचतो तेथेही, वाचकांनी हे ध्यानी ठेवावे. दहा लाखांचा आकडा अवश्य तपासावा, त्यातील पै-पैचा जाब विचारावा. मात्र त्याच वहीच्या समोरच्या पानावर रुग्णालयातील तान्ह्या बाळाचे आणि पाळीने झोपणाऱ्या कुटुंबाचे नाव लिहिलेले आहे. ते पान उलटून न पाहता बेरीज करू नये, एवढीच आमची विनंती आहे.